सेकंड हँड

आमच्या ऑफिसात कुणाचा हुद्दा ओळखायचा असेल, तर व्हिजिटिंग कार्ड मागू नका. मनगट बघा. नवी लागलेली पोरं फिटनेस बँडवाली. एखादी बढती पदरात पडलेली मंडळी स्मार्टवॉचवाली. आणि काचेच्या केबिनमध्ये बसणारे एकदम उलट्या दिशेनं गेलेले. त्यांच्या हातावर चावीची घड्याळं! म्हणजे जी वस्तू आधीच्या पिढीनं 'रोज कोण चावी देत बसेल' म्हणून सोडली, ती घालायला आता व्हाइस प्रेसिडेंट व्हावं लागतं.

मी या शिडीच्या बरोब्बर मधल्या पायरीवर. वय ३७, डोंबिवलीत टू बीएचके, डोक्यावर ईएमआय. गेल्या वर्षी अप्रेझल बरं झालं, बोनस हातात पडला आणि ठरवलं, आता बास. आता एक 'खरं' घड्याळ घ्यायचंच. नवं स्विस घड्याळ खिशाला झेपणारं नव्हतं. बॉसनं कानमंत्र दिला, "नवं कशाला? प्री-ओन्ड बघ."

प्री-ओन्ड. लक्षात घ्या, सेकंड हँड नाही. सेकंड हँड म्हणजे स्कूटर, कपाट, कॉलेजची पुस्तकं. आमच्या चाळीत कुणी सेकंड हँड फ्रिज आणला, तर तो रात्री अंधारात वर चढवायचा. 'प्री-ओन्ड' म्हटलं की तीच वस्तू मखमलीवर जाऊन बसते आणि तिच्यावर छोटे छोटे दिवे लागतात.

तर असं मखमलीवालं एक दुकान मला लोअर परळमध्ये सापडलं. दुकान म्हणायचं नाही, बुटिक. एका बंद पडलेल्या मिलच्या कंपाऊंडात, कॉफी शॉप आणि जिमच्या मधे. बेल वाजवायची, आतून बघून दार उघडतात. तीन काचेची काउंटर्स आणि पन्नाशीचे, अतिशय मृदू बोलणारे मालक. माझ्या पहिल्या तीन फेऱ्या म्हणजे निव्वळ पर्यटन होतं, हे त्यांनाही कळत होतं. पण त्यांना घड्याळांबद्दल बोलायला आवडायचं आणि मला ऐकायला.

त्यांनी एकदा जेगर-लकूल्त्रचं रिव्हर्सो दाखवलं. चौकोनी, आणि बोटानं सरकवलं की अख्खं घड्याळ पालथं होतं. हे १९३१ सालचं डिझाइन, आणि त्याची कल्पना सुचली आपल्याकडे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांमुळे. खेळताना काच फुटायची, म्हणून काचच आत वळवून टाकली! मग त्यांनी २५ डिसेंबर १९६९ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी जपानच्या सेकोनं ॲस्ट्रॉन हे क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सेलवर चालणाऱ्या स्वस्त आणि बिनचूक घड्याळांनी चावीच्या घड्याळांना घरी बसवलं. स्वित्झर्लंडमध्ये किती तरी कारखाने बंद पडले. आणि एकदा वस्तू गरजेची राहिली नाही, की ती शौकाची होते. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. डॉलरला हं, रुपयांना नाही.

माझा जीव जडला तो साठच्या दशकातल्या एका ओमेगा सीमास्टरवर. ३४ मिलिमीटरचं, आजच्या मानानं छोटंसं. तबकडी मुळात पांढरी असणार, आता दुधात चहा सांडल्यासारखी. मी विचारलं, "ही रंगवून मिळेल का?" मालकांचा चेहरा असा झाला, की मी जणू त्यांच्या आईला फेशियल करून आणायला सांगितलं.

"सर, हा रंग साठ वर्षांत आलाय. तबकडी पुन्हा रंगवली की घड्याळाची किंमत पडते. डाग चालतात, रंग चालत नाही."

मग पुढचा पाऊण तास माझा क्लास. जुनं घड्याळ घेताना आधी तबकडीवरची छपाई भिंगातून बघायची. अक्षरं फुगलेली, मिनिटांच्या रेषा वाकड्या किंवा सहाच्या खालचं 'स्विस मेड' सरकलेलं असेल, तर तबकडी रंगवलेली समजायची. काटे अंधारात फार लखलखत असतील तरी शंका घ्यायची, कारण त्या काळातलं ट्रिटियम एव्हाना विझलेलं असतं. केसच्या कडा तपासायच्या. वारंवार पॉलिश केलेल्या घड्याळाच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात. मागचं झाकण उघडून मशीन बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आणि घड्याळावर 'वॉटरप्रूफ' असं काहीही लिहिलेलं असो, पावसात घालायचं नाही.

मी दहा हजार टोकन देऊन ठेवलं. बाकीचे महिन्याभरात.

त्यानंतरच्या शनिवारी बाबांना परळला डॉक्टरांकडे दाखवायचं होतं, शुगरचं नेहमीचं चेकअप. परतताना मी म्हटलं, "बाबा, पाच मिनिटं. एक काम आहे."

कंपाऊंडच्या गेटपाशी ते थबकले. "ही आमच्या शेजारची मिल. इथे आमचा चहावाला बसायचा."

माझे बाबा गिरणी कामगार. साचेखात्यात विणकर होते. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले एक. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. मी जन्मलो १९८८ साली, तोवर बाबा दादरला एका सोसायटीत वॉचमन झालेले होते. बाबांची गिरणी मी फक्त ऐकलेली.

आत एसी होता, अत्तरासारखा काहीतरी वास होता आणि बाबांच्या पायात चपला. मालकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझं ओमेगा ट्रेमध्ये आणून ठेवलं. मी उत्साहानं सगळं सांगायला लागलो. तबकडी बघा, कडा बघा. बाबा म्हणाले, "छान आहे." दुसऱ्याच्या मुलाचे मार्क ऐकल्यावर म्हणतात ना, तसं.

त्यांचं लक्ष खालच्या कप्प्यात होतं.

"ते बघू जरा?"

ते होतं फेवर-ल्यूबा सी किंग. स्टीलचं, चंदेरी तबकडीचं, साधं. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावात १७३७ साली मूळ असलेली ही कंपनी एकोणिसाव्या शतकातच मुंबईत आली. बंगळूरचा एचएमटीचा कारखाना १९६१चा. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे 'चांगलं घड्याळ' म्हणजे फेवर-ल्यूबा. लग्नात सासऱ्यांनी दिलं तर जावई खूष. मालक हे सांगत होते, पण बाबा ऐकत नव्हते. त्यांनी घड्याळ उचललं, अंगठा आणि पहिल्या बोटात चावी धरून ती सावकाश फिरवली आणि घड्याळ कानाला लावलं. डोळे मिटून.

"चालतंय," ते म्हणाले. मग, "केवढ्याला?"

"३२ हजार, सर. सर्व्हिस केलेलं आहे."

बाबांनी घड्याळ अलगद ट्रेमध्ये ठेवलं आणि रुमालानं त्याची काच पुसली. आपल्या बोटांचे ठसे उमटले असतील म्हणून.

परळहून गाडी पकडली. कुर्ला येईपर्यंत गप्प. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी १८०ला दिलं होतं."

"काय?"

"असंच. लग्नात गुरुजींनी घातलेलं."

गुरुजी म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. देवरुखजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर. १९८०च्या मे महिन्यात लग्न झालं, तेव्हा त्यांनी जावयाला फेवर-ल्यूबा घेतलं. त्यासाठी किती महिने साठवलं असेल, कुणास ठाऊक. आमच्याकडे आई-बाबांच्या लग्नाचे नऊ फोटो आहेत. सगळ्या फोटोंत बाबांचा डावा हात छातीशी, ताठ. लहानपणी मला वाटायचं, हात दुखत असेल. त्या दिवशी गाडीत कळलं, ते घड्याळ दाखवत होते!

संपाचे पहिले काही महिने 'आज मिटेल, उद्या मिटेल' करण्यात गेले. मग पितळेची भांडी गेली. ताई तेव्हा वर्षाची, तिला न्यूमोनिया झाला. गणपतीच्या आधी बाबा लालबागच्या एका पेढीवर गेले आणि घड्याळ ठेवून १८० रुपये घेऊन आले. सोडवायचं होतं. राहिलं.

"आणि आजोबांना काय सांगितलंत?"

"दुरुस्तीला दिलंय म्हटलं."

"मग?"

"मग काय? दरवर्षी मे महिन्यात जायचो ना. शेजारच्या खोलीतल्या काकांचं एचएमटी मागून घ्यायचं, ते घालून जायचं. विचारलं तर सांगायचं, ते दुरुस्तीला आहे, तोवर हे."

आजोबा गेले १९९९ साली. मी हिशेब केला. १७ वर्षं एक घड्याळ दुरुस्तीला! मला हसू फुटलं. बाबाही हसले. "वॉच गेलं, नुसता मॅन राहिला. म्हणून तर वॉचमन झालो," म्हणाले. हा विनोद त्यांनी आधीही कधी तरी स्वतःशी केला असावा, इतका तयार होता. मग ठाणं आलं आणि गर्दी आत घुसली.

आता तुम्हाला वाटेल, मी दुसऱ्याच दिवशी जाऊन ते ३२ हजारांचं घड्याळ आणलं असेल. नाही. मी मध्यमवर्गीय माणूस आहे. मी विचार केला, चोरबाजारात हेच दोन-तीन हजारांत मिळेल. बुटिकवाले दिव्यांचे पैसे लावतात.

आणि मिळालं की! निळीशार तबकडी, लाल सेकंद काटा, अडीच हजार रुपये. नवंकोरं वाटत होतं. तरी खात्री करावी म्हणून फोर्टमध्ये एका जिन्याखाली बसणाऱ्या म्हाताऱ्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी झाकण उघडलं, भिंगातून पाहिलं आणि परत बंद केलं.

"मुंबई स्पेशल," ते म्हणाले.

मुंबई आणि स्पेशल, दोन्ही शब्द ऐकून मी अर्धा सेकंद फुशारलो. मग त्यांनी अर्थ सांगितला. परदेशातले शौकीन आपल्याकडच्या रंगवलेल्या जुन्या घड्याळांना या नावानं ओळखतात. मशीन एकाचं, काटे दुसऱ्याचे, केस तिसऱ्याची आणि तबकडीला गिऱ्हाइकाला आवडेल तो रंग. "या रंगाची तबकडी या घड्याळाला नव्हतीच कधी. चालेल तसं. पण हे कोणाचंच नाही."

घरी येताना ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. कारण खरं सांगू? रंगवलेली तबकडी मी ओळखायला हवी होती. रोज आरशात बघतो.

ऑफिसात मला कुणी विचारलं, "मूळचा कुठला?" की मी म्हणतो, "साउथ बॉम्बे साइडला होतो आम्ही आधी." लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली त्यात बसते म्हणा. आणि "डॅड काय करायचे?" याचं माझं उत्तर तर वर्षानुवर्षांचं ठरलेलं, "टेक्स्टाइलमध्ये होते." खोटं आहे का? अजिबात नाही. मशीन जुनंच. फक्त वर रंग.

पुढच्या शनिवारी मी बुटिकमध्ये गेलो. फेवर-ल्यूबा तिथेच होतं. मी म्हटलं, मागचं झाकण उघडून दाखवा. आत झाकणाच्या पोटावर टोकदार काहीतरी लावून कोरलेल्या तीन बारीक खुणा होत्या. मालक म्हणाले, प्रत्येक घड्याळजी दुरुस्तीच्या वेळी आपली खूण करून ठेवतो. तीन वेगवेगळे हात. म्हणजे कुणीतरी हे घड्याळ निदान तीनदा खरंच दुरुस्तीला दिलं होतं, आणि परत आणलं होतं.

"कुणाचं होतं हे?"

"एका कुटुंबाकडून आलं."

"त्यांनी का विकलं?"

"सर," ते अगदी हळू म्हणाले, "ते आम्ही विचारत नाही."

मी इकडेतिकडे पाहिलं. इतके दिवस मी त्या दुकानात 'सापडलेली' घड्याळं बघत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की इथलं प्रत्येक घड्याळ कुणीतरी सोडलेलं आहे. कुणी नवीन आलं म्हणून सोडलं असेल, कुणाचे वडील गेले असतील, कुणाच्या मुलीला न्यूमोनिया झाला असेल. सर्टिफिकेटवर मॉडेल असतं, साल असतं, मशीनचा नंबर असतं. सोडण्याचं कारण तेवढं नसतं. माझ्या ओमेगाचंही नव्हतं. आणि मी ते विचारलंही नव्हतं.

टोकनचे दहा हजार त्यांनी सी किंगच्या किमतीत वळते करून दिले. आता मी फार मोठा त्याग केला, असं काही समजू नका. दोन आठवड्यांनी ओमेगा दुसऱ्या कुणी नेलं, हे कळल्यावर मला रात्री नीट झोप लागली नाही. अजूनही तसं घड्याळ कुणाच्या हातावर दिसलं, की मी समोरच्याचं बोलणं ऐकत नाही.

घरी बाबांना डबी दिली, ती काही वाढदिवस वगैरे नव्हता म्हणून. नाहीतर 'कशाला खर्च केलास' हे ऐकावं लागतं. तेही ऐकावं लागलंच. मग त्यांनी चष्मा लावला, घड्याळ हातात घेतलं, उलटं केलं, पाठ बघितली.

"हे ते नाही."

"नाही बाबा. ते कुठे मिळणार?"

"त्याच्या पाठीवर तारीख होती लग्नाची." थोडा वेळ थांबून म्हणाले, "म्हणजे हेही कुणीतरी सोडलेलंच की."

"हो."

"भलं होवो त्याचं." आणि त्यांनी पट्टा बांधला.

आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. म्हणाली, "अप्पांना माहीत होतं."

बाबांनी मान वर केली. "काय माहीत होतं?"

"घड्याळ गेल्याचं. मी त्याच दिवाळीला सांगितलं होतं. म्हणाले, त्याला काही बोलू नकोस. आणि पुन्हा कधी त्याला वेळ विचारू नकोस."

घरात नुसती टिकटिक. ही जुनी मशिनं सेकंदाला पाच ठोके देतात, तासाला १८ हजार. तेवढ्या शांततेत ते चक्क ऐकू येतात. मला आठवलं, आजोबांकडे ओटीवर भिंतीचं घड्याळ होतं, आणि जावई समोर बसलेला असला तरी आजोबा वेळ बघायला उठून ओटीवर जायचे. म्हातारा माणूस, पाय मोकळे करतोय, असं आम्हाला वाटायचं.

"आणि मी दरवर्षी शेजाऱ्याचं घड्याळ मागत होतो!" बाबा म्हणाले. मग ते हसायला लागले, आई हसायला लागली, आणि हसता हसता बाबांना इतका ठसका लागला, की पाणी आणायला मला उठावं लागलं. मी ते जरा सावकाशच आणलं.

सोमवारी बॉसनं विचारलं, "काय रे, घेतलंस का ओमेगा?"

"नाही. बाबांसाठी फेवर-ल्यूबा घेतलं."

"ओह, व्हिंटेज! काय करायचे ते?"

"मिलमध्ये होते. साचे चालवायचे. आपल्या ऑफिसच्या मागच्या गल्लीतच." बॉस म्हणाला, "इंटरेस्टिंग," आणि मीटिंग सुरू झाली. बस्स, एवढंच. मी इतकी वर्षं कशाला घाबरत होतो, कोण जाणे.

या मे महिन्यात आम्ही सगळे देवरुखला गेलो. बाबांनी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. दुपारी आंबे खाऊन सगळे ओटीवर पसरले होते. भिंतीवरचं घड्याळ केव्हाच बंद पडलंय. मामाच्या हातात मोबाइल होता, तरी त्यानं आळस देत विचारलं, "भावजी, किती वाजले हो?"

बाबा सावरून बसले. त्यांनी डावा हात छातीशी आणला, तबकडी उन्हाकडे वळवली आणि बराच वेळ बघितलं.

"चार वाजून दहा," ते म्हणाले.

घड्याळ चार मिनिटं मागे होतं. कुणी काही बोललं नाही.